जादा टाकी बांधायची कशी, वागवायची कशी: मुंबईच्या नवख्या टेक डायव्हरसाठी

पाठीवरच्या टाक्यांखेरीज आणखी एक टाकी डाव्या कुशीला अडकवून पाण्यात उतरायचं, इथून टेक्निकल डायव्हिंग खऱ्या अर्थानं सुरू होतं. ही जादा टाकी दोन कामांसाठी असते. तळाशी जास्त वेळ मिळावा म्हणून नेली तर ती स्टेज. वर येताना थांब्यांवर शरीरात मुरलेला नायट्रोजन लवकर निघावा म्हणून जास्त ऑक्सिजनचं मिश्रण नेलं तर ती डेकोची (डीकम्प्रेशनची) टाकी. बांधणी दोन्हींची सारखीच, धोका मात्र सारखा नाही. ५० टक्के ऑक्सिजनचं मिश्रण २१ मीटरपर्यंत चालतं, शुद्ध ऑक्सिजन फक्त ६ मीटरपर्यंत. या दोन्ही खोलींवर ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, १.६ बारच्या आसपास असतो आणि थांब्यावर निवांत असतानाची ती शेवटची मर्यादा. तोच शुद्ध ऑक्सिजन चुकून ३० मीटरवर तोंडाला लावला तर आंशिक दाब होतो ४ बार. मग येते ती आकडी, तीही बरेचदा कसलीही चाहूल न देता. पाण्याखाली आकडी आली की रेग्युलेटर तोंडातून सुटतो, आणि पुढचं सांगायला नको.

म्हणून दोरी किती लांब, खोलीचा आकडा कुठे, होज (रेग्युलेटरची नळी) कशात खोचायचा, हे सगळं वाचताना एवढंच धरून चाला की आपण आत्ता कुठला वायू ओढतोय ते डोळ्यांनाही कळलं पाहिजे आणि नुसत्या हातालाही. टाकी छान दिसणं, फोटोत सडपातळ दिसणं वगैरे त्यानंतर.

हे वाचून कोर्स होत नाही. टीडीआय, जीयूई, आयएएनटीडी अशा संस्थांच्या प्रशिक्षकाकडे शिकल्याशिवाय डेकोचा वायू घेऊन समुद्रात उतरू नका. पण कोर्सच्या पहिल्या दिवशी दोरीच्या गाठीत अर्धी सकाळ घालवण्यापेक्षा टाकी घरून नीट बांधून नेलेली बरी. आणि एक अट: जादा टाकीशिवाय आडवं, स्थिर तरंगता येत नसेल, म्हणजे पाय खाली पडत असतील किंवा हात वल्हवावे लागत असतील, तर आधी ते पक्कं करा. जादा टाकी ट्रिम (पाण्यातली आडवी ठेवण) सुधारत नाही, आहे तो दोष चव्हाट्यावर आणते.

टाकी कोणती

अ‍ॅल्युमिनियमची. स्टीलची टाकी कुशीला लावली की ती रिकामी झाली तरी खाली ओढत राहते आणि माणूस एका बाजूला कलतो. आपल्याकडे डाइव्ह सेंटरमध्ये सर्रास दिसणारी ‘एटी’ ११.१ लिटरची, २०७ बारची. रिकामी सुमारे १४ किलो, २०० बार हवा भरली की त्यात पावणेतीन किलोच्या आसपास भर. समुद्रात ती भरलेली असताना जेमतेम बुडते आणि रिकामी होत आली की जवळजवळ दोन किलोनं वर उचलते. हा बदल डाइव्हभर हळूहळू होत जातो, म्हणून पहिल्या दिवशी लक्षात येत नाही आणि शेवटच्या थांब्यावर टाकीचा बूड वर तरंगायला लागला की गोंधळ होतो.

डेकोसाठी ‘फोर्टी’, म्हणजे ५.७ लिटरची टाकी सोयीची. तिचं गणित एकदा कागदावर करून बघा. थांब्यावर मिनिटाला १५ लिटर लागतात असं धरलं तर ६ मीटरवर, १.६ बार दाबाला, ते २४ होतात. २० मिनिटांच्या थांब्याला ४८० लिटर. बडीचा, म्हणजे जोडीदार डायव्हरचा, वायू गेला तर, म्हणून दीडपट धरा: ७२०. फोर्टीत २०० बारला ११४० लिटर असतात, तेव्हा भागतं. पण टाकी १३० बारला, म्हणजे जेमतेम ७४० लिटरला, आली असेल तर ‘होईल की’ म्हणायचं नाही, हा डाइव्ह बदलायचा.

टाकी भाड्यानं घेतली तरी तिच्या खांद्यावर ठोकलेली शेवटच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबानं केलेल्या तपासणीची) तारीख वाचा. आपल्याकडे या सिलिंडरांचे नियम नागपूरचं पेसो, म्हणजे केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटना, बघतं. तारीख उलटलेली टाकी कुणी ‘काही होत नाही हो’ म्हणत भरून देत असेल, तर त्याच्या कॉम्प्रेसरचा फिल्टरही त्याच हिशेबानं बदलला जात असणार.

बाजारहाट

तयार रिगिंग किट मिळतात आणि ती वाईट नसतात. तरी पहिलं किट स्वतः बनवा, कारण तयार किटची लांबी तुमच्या हार्नेसची नसते. सामान थोडंच आहे: सुमारे दोन मीटर दोरी, दोन बोल्ट स्नॅप, एक जुबली क्लिप (स्क्रूनं आवळायची गोल पट्टी), वीतभर पाइप आणि ट्यूबचे काही तुकडे.

दोरी ६ मिलीमीटरची, विणीची नायलॉन. दुकानात ‘दोन सूत’ सांगा, पटकन कळतं. भाऊच्या धक्क्याच्या बाजूला मच्छीमारांचं सामान विकणारे दोरी किलोवर देतात. तुम्हाला दोन मीटरच हवी म्हटल्यावर चेहरा वाकडा होईल, तेव्हा ग्रुपमधल्या चारपाच जणांची एकदम घ्या. पीळ दिलेली, करकरीत पिवळी-निळी दोरी नको. तिची गाठ धरत नाही.

जुबली क्लिप, पाइप नागदेवीला मिळून जातात. क्लिप घेताना एक बारकावा बघा. पट्टी स्टेनलेसची असते, पण स्क्रू बहुतेकदा साध्या लोखंडावर मुलामा दिलेला. मालवणच्या दोन फेऱ्यांत तो लाल होतो आणि पुढे पेचकस फिरतच नाही. ‘स्क्रूसकट पूर्ण एसएस’ असं मागा. चुंबक लावून बघायची आपल्याला सवय असते, पण त्यानं फक्त अगदीच हलका माल कळतो, ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही.

बोल्ट स्नॅप म्हणजे अंगठ्यानं खिटी मागे ओढायची असते तो. कुत्र्याच्या साखळीला किंवा बॅगेला असतो तो, नुसत्या दाबानं आत जाणाऱ्या पट्टीचा हूक कुठेही लावू नका. तो तुमच्या नकळत दोरीत, जाळ्यात, बडीच्या हार्नेसमध्ये अडकतो. आपल्या किनाऱ्यावर तुटकी जाळी किती असतात ते वेगळं सांगायला नको.

राहिली ट्यूब. होज खोचून ठेवायला टाकीभोवती रबरी पट्टे लागतात. फोर्टीचा घेर ४२ सेंटिमीटर, एटीचा ५८, त्यामुळे सायकलच्या ट्यूबचं कडं बसणार नाही. गाड्या ट्यूबलेस झाल्यापासून जुनी ट्यूब शोधावी लागते, पण ट्रक-टेम्पोच्या पंक्चरवाल्याकडे फाटकी ट्यूब कोपऱ्यात पडलेली असते. तिचे आडवे काप काढा, तीन सेंटिमीटर रुंदीचे. चांगले पाचसहा काढून ठेवा, कारण ऊन आणि खारं पाणी मिळून रबराला भेगा पाडतात. सायकलची ट्यूबही टाकू नका, ती पुढे लागणार आहे.

बांधणी

आधी हार्नेस अंगावर चढवा आणि छातीवरच्या डाव्या डी-रिंगपासून कमरेवरच्या डाव्या डी-रिंगपर्यंतचं अंतर कुणाकडून तरी मोजून घ्या, तेही पाण्यात असता तसं थोडं पुढे वाकून. वरच्या आणि खालच्या स्नॅपमधलं अंतर याच मापाचं. बहुतेकांचं ४० ते ४५ सेंटिमीटरच्या दरम्यान येतं.

दोरी दुहेरी करा. दुमडीच्या टोकाला टाकीच्या मानेवर बसेल एवढा फास ठेवून गाठ मारा, आणि त्याच गाठीत वरचा स्नॅप ओवा. हा स्नॅप मानेपासून दोनतीन बोटं खाली लोंबला पाहिजे. घट्ट मानेला चिकटला तर व्हॉल्व्ह काखेत घुसतो. फार खाली आला तर टाकीचं डोकं पुढे लोंबकळतं. दोन्ही पदर पाइपच्या तुकड्यातून खाली घ्या, हा पाइप म्हणजे टाकी उचलायची मूठ. मग पदर जुबली क्लिपखालून काढून खालच्या स्नॅपच्या डोळ्यातून ओवा आणि गाठ मारा. गाठ क्लिपच्या खालच्या अंगाला आणि एवढी जाड हवी की ओढली तरी क्लिपखालून वर सरकणार नाही.

क्लिप कुठे बसवायची? टाकीच्या निम्म्याच्या किंचित खाली. फार वर बसवली तर टाकी रिकामी होत आली की तिचा बूड तुमच्या अंगापासून दूर, वर तरंगतो. क्लिप आवळायच्या आधी तिच्याखाली सायकलच्या ट्यूबचा एक थर द्या म्हणजे ती घसरत नाही आणि टाकीचा रंगही खरवडत नाही. पट्टीचं जे टोक बाहेर राहतं ते बोट चिरण्यात पटाईत असतं. त्यावरही ट्यूबचा तुकडा चढवा.

स्नॅप कुठेही थेट धातूला धातू असा जोडायचा नाही. मध्ये दोरी हवीच. खिटी मिठानं जाम झाली, आणि आपल्या दमट हवेत ती होतेच, तर चाकूनं दोरी कापून टाकी सोडता आली पाहिजे.

दोरीची टोकं लायटरनं वितळवून घ्या. नायलॉन भिजलं की ताणतं, म्हणून पहिल्या तलावफेरीनंतर गाठी सैल झालेल्या दिसतील. पुन्हा आवळा, अंतर पुन्हा मोजा.

आकडा

टाकीवर सर्वांत मोठं काही असेल तर ते तिच्या खोलीच्या मर्यादेचा आकडा. सातआठ सेंटिमीटर उंचीचा, पांढऱ्या पट्टीवर काळा, टाकीच्या दोन्ही अंगांना, आणि टाकी कुशीला आडवी असताना बडीला सरळ वाचता येईल असा. आकडा इंग्रजी अंकांत लिहा. अंदमानात तुमचा बडी बंगाली निघेल नाहीतर तमीळ, तिथे मराठी बाणा कामाचा नाही. सहाचा इंग्रजी आकडा उलटा वाचला की नऊ होतो, म्हणून त्याखाली ठळक रेघ.

रंगावर भिस्त ठेवू नका. ऑक्सिजनची टाकी हिरवी, होज पिवळा, ठीक आहे. पण काही मीटरवरच लाल रंग काळपट दिसायला लागतो, आणि गढूळ पाण्यात सगळेच रंग एकमेकांसारखे होतात. ‘माझी हिरवीवाली’ म्हणून रेग्युलेटर तोंडात घालणारा माणूस बडी म्हणून नको.

मानेजवळ दुसरी, छोटी पट्टी: मोजलेली टक्केवारी, तारीख, मर्यादा आणि मोजणाऱ्याची आद्याक्षरं. टाकी रिकामी झाली की ही पट्टी फाडायची. जुनी पट्टी तशीच राहिलेली टाकी पट्टी नसलेल्या टाकीहून वाईट.

रेग्युलेटर आणि वायूची मोजणी

डीन (आट्यांच्या) जोडणीची फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा टाकीवर बसणारा भाग, साधारण मीटरभर होजवर एक सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, आणि १५ सेंटिमीटरच्या आखूड होजवर प्रेशर गेज, तोंड तुमच्याकडे वळेल असं. बाकीची भोकं प्लगनं बंद. होजचा फास टाकीवर उभा खाली नेऊन दोन रबरी पट्ट्यांत खोचा. फास मोठा लोंबत राहिला तर कशाततरी अडकणारच.

४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनसाठी टाकी, व्हॉल्व्ह, रेग्युलेटर सगळं ऑक्सिजनसाठी साफ केलेलं आणि त्याला चालणारी ओ-रिंग, ग्रीस वापरलेलं हवं. घट्ट झालेल्या नॉबला दोन थेंब तेल सोडणं हा आपला घरगुती उपाय, इथे त्यानं आग लागू शकते. व्हॉल्व्हही नेहमी हळू उघडा, कारण झटक्यात उघडला की दाबानं वायू एकदम तापतो. आणि कोविडच्या काळापासून प्रत्येकाच्या ओळखीत मेडिकल ऑक्सिजनवाला असतो, तरी त्याच्याकडून टाकी आणून घरी वायू ओतायचे उद्योग करू नका.

वायू स्वतः मोजायचा, भरणारा कितीही जुना ओळखीचा असो. इथे मुंबईकरांसाठी एक खास गोष्ट. अ‍ॅनालायझर हवेवर २०.९ ला जुळवतात, पण ती आकडेवारी कोरड्या हवेची. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता, म्हणजे आपली मे महिन्याची संध्याकाळ, असेल तर हवेतली तीन टक्क्यांहून जास्त जागा वाफेनं घेतलेली असते आणि ऑक्सिजन प्रत्यक्षात २०.२ च्या आसपास राहतो. त्या हवेवर यंत्र २०.९ ला जुळवलं आणि मग कोरडा, ५० टक्क्यांचा वायू मोजला तर यंत्र ५१ च्या वर, ५२ च्या जवळ दाखवतं. खोलीच्या मर्यादेसाठी ही चूक सुरक्षित बाजूची, पण थांब्याच्या गणितात तुम्ही आहे त्याहून जास्त ऑक्सिजन धरता. उपाय सोपा: यंत्र खोलीतल्या हवेवर न जुळवता साध्या हवेच्या टाकीतल्या कोरड्या हवेवर जुळवा.

तलावात

मुंबईच्या समुद्रात हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत, त्यामुळे सराव पोहण्याच्या तलावातच. आधी परवानगी काढा, आणि टाकी फरशीवर ठेवायला रबरी चटई घरून न्या. एक टाइल फुटली की सगळ्या डायव्हरांना दार बंद होतं. गोड्या पाण्यात एटी समुद्रापेक्षा सुमारे ४०० ग्रॅम जड लागेल, तेवढं लक्षात ठेवून वजनाचा अंदाज बांधा.

सरावाच्या टाकीत साधी हवाच भरा. पाण्यात बसून वरचा स्नॅप आधी लावा, मग खालचा. काढताना उलट: आधी खालचा, शेवटी वरचा, म्हणजे टाकीचं डोकं कायम तुमच्या ताब्यात राहतं. हे डाव्या हातानं, न बघता जमलं पाहिजे. खालची डी-रिंग शोधताना सगळे मान वळवून बघायला जातात आणि वळता वळता अर्धा मीटर वर येतात. बघू नका, अंगठा कमरपट्ट्यावरून सरकवत न्या, रिंग सापडते. जमायला लागलं की मास्क काळ्या कापडानं झाकून करा. मग टाकी काढून समोर धरून तरंगा, बडीकडे द्या, परत घ्या. टाकी हातात आल्याबरोबर ज्याची खोली बदलते त्याचं अजून झालेलं नाही.

वायू बदलताना

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. पाण्यात उतरायच्या आधी जादा टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा, गेज वाचायचा, दोन श्वास घेऊन बघायचे आणि व्हॉल्व्ह पुन्हा बंद करायचा. होजमध्ये दाब राहू द्या, म्हणजे फर्स्ट स्टेजमध्ये पाणी शिरत नाही. व्हॉल्व्ह बंद असल्यामुळे वाटेत रेग्युलेटर वाहायला लागला तरी टाकी रिकामी होत नाही. शिवाय चुकीचा रेग्युलेटर तोंडात गेलाच तर एकदोन श्वासांत ओढ बंद पडते आणि चूक तिथेच कळते. खाली जाताना मधूनच एकदा गेज बघा. काटा शून्याकडे आला असेल तर व्हॉल्व्ह क्षणभर उघडून पुन्हा दाब भरा.

थांब्याच्या खोलीवर आलात की आधी स्थिर व्हा. वर-खाली होत असताना वायू बदलायचा नाही. आता टाकीवरचा आकडा वाचा आणि डाइव्ह कॉम्प्युटरवरची खोली वाचा. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघायचे, आठवणीतून नाही. बडीला टाकी दाखवा. त्यानंच तुमचा आकडा आणि खोली वाचून मान डोलावेपर्यंत पुढे जायचं नाही. बडी आळशीपणे लांबूनच ओके दाखवत असेल तर परत दाखवा.

मग सेकंड स्टेज पट्ट्यातून काढा आणि व्हॉल्व्ह हळू उघडा. आता एक हात फर्स्ट स्टेजवर ठेवा आणि होजवरून बोटं सरकवत नेत तोंडाशी धरलेल्या सेकंड स्टेजपर्यंत पोचा. दोन जादा टाक्या असतात तेव्हा हीच कृती जीव वाचवते: डोळ्यांनी वाचलेली टाकी आणि तोंडाजवळ आलेला रेग्युलेटर एकाच होजचे आहेत हे बोटांनी ठरवलेलं असतं. पर्ज (सेकंड स्टेजवरचं बटण) दाबून पाणी काढा, बदला, आणि पहिले दोनतीन श्वास गेजकडे बघत घ्या. काटा दर श्वासाला खाली-वर हलत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. जुना रेग्युलेटर जागेवर अडकवा, मगच कॉम्प्युटरवर वायू बदला. उलट क्रमानं केलं आणि मध्येच काही अडलं, तर कॉम्प्युटर तुम्ही न घेतलेल्या ऑक्सिजनचा हिशेब करत राहतो.

टीममध्ये सगळ्यांनी एकदम बदलायचं नाही. एक बदलतो, दुसरा बघतो.

बोटीवर, आणि परत घरी

रेल्वेत गॅस सिलिंडर नेता येत नाहीत, तेव्हा कोकण रेल्वेनं मालवणला जाताना किंवा नेत्राणीसाठी मुरुडेश्वरला जाताना फक्त रिगिंग किट आणि रेग्युलेटर न्या, टाकी तिथे घ्या. तारकर्लीला खोली बेताची, पण लाटेत टाकी अडकवण्याचा सराव तिथेच होतो. छोट्या होडीवर जादा टाकी अंगावर घेऊन उडी मारू नका. तुम्ही उतरा, नाखवा मुठीला धरून टाकी खाली देईल. मूठ कुठली ते त्याला आधी दाखवा, नाहीतर तो सवयीनं होजला धरून उचलेल. चढताना आधी टाकी वर, मग तुम्ही.

घरी आल्यावर टाकी, स्नॅप, दोरी गोड्या पाण्यानं धुवा. स्नॅपची खिटी पाण्याखाली दहावीसदा मागेपुढे करा, मीठ तिथेच दडतं. जुबली क्लिप सैल करून खाली बघा. तिच्याखाली पाणी साचून अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, ती घासून काढा. दोरी क्लिपच्या कडेला झिजलेली दिसली तर बदला, दोन मीटर दोरीची किंमत ती काय. टाकी स्वतःची असेल तर थोडा दाब ठेवून, उन्हापासून लांब, पडणार नाही अशी बांधून उभी ठेवा. ऑक्सिजनची भरलेली टाकी फ्लॅटमध्ये ठेवू नका. हवेची टाकी लिफ्टमधून नेतानाही वॉचमन ‘गॅस आहे का?’ म्हणून अडवेलच. त्याला एकदा गेज दाखवून समजावून ठेवा.